नवरा मारहाण करतो पण मुलं झोपल्यावर, तरी मुलांवर परिणाम होतो का? त्यांना यातून कसं वाचवू?

तुम्ही लिहिलंय मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा, आणि "ती झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही". ताई, ती झोपलेली नसतात. मी नसायचे.

आम्ही नाशिकला दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, मी तिसरीत असेन. रोज संध्याकाळी बाबा यायच्या आधी मी स्वयंपाकघरातली विळी उचलून कॉटखाली जुन्या दप्तरामागे ठेवायचे, लाटणं पण, बत्ता जड होता म्हणून तो तिथेच राहायचा आणि त्याचं मला रात्रभर टेन्शन. सकाळी आई उठायच्या आत सगळं परत जागेवर. आईला वाटायचं पोरं नऊलाच ढाराढूर. धाकटा भाऊ पहिलीत गेला तरी गादी ओली करायचा आणि वर त्यालाच ओरडा बसायचा, घरात चाललंय त्याच्याशी याचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमचा मुलगा शाळेत जाताना पोट दुखतं म्हणतो असं लिहिलंयत ना, ते नाटक समजू नका. डॉक्टरला दाखवा, पण घरात काय चाललंय तेही डॉक्टरला सांगा.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आईच्या एका बोलण्याचा. एकदा सकाळी तिने मला विळी परत ठेवताना पकडलं. ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "हे तुझ्यामुळे होत नाही, आणि थांबवणं हे तुझं काम पण नाही. आवाज चढला की भावाला घे आणि खालच्या काकूंकडे जा." झालं. काकूंना तिने आदल्या दिवशीच विश्वासात घेतलं होतं, आम्ही वाटी घेऊन साखर मागायला आलो की त्यांनी काहीही न विचारता आत घ्यायचं. वाटी दाराजवळच्या फळीवर असायची, कायम. मुलांना असं एक दार आजच ठरवून द्या. मध्ये पडायचं नाही हे नीट सांगा, कारण मुलं बऱ्याचदा मध्ये पडतात आणि त्यांनाच लागतं. ८ वर्षांची मुलगी ११२ (पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर) लावून पत्ता सांगू शकते, तेवढं पाठ करून घ्या. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर, तो पण.

आता कायद्याचं. आईला २००२ मध्ये आम्हाला घेऊन सिन्नरला आजीकडे जावं लागलं तेव्हा डीव्ही ॲक्ट, म्हणजे घरगुती हिंसाचारापासून बायकांना संरक्षण देणारा कायदा, नव्हता, तो २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ पासून. तुमच्याकडे तो आहे, तर वापरा. महिला व बालविकासच्या ऑफिसात संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा अहवाल करून घेतात आणि कोर्टात अर्ज करायला मदत करतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर आहे म्हणून गप्प बसू नका, तुम्ही तिथे संसार केलाय तर राहायचा हक्क आहे, कोर्ट नवऱ्याला बाहेर राहायला पण सांगू शकतं. मुलांचा तात्पुरता ताबा याच केसमध्ये मागता येतो, कलम २१, आणि भेटीने मुलांना धोका असेल तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. मुलीसाठीही संरक्षण मागितलं तर तिच्या शाळेत त्याने यायचं नाही असाही आदेश मिळतो, हे फार जणींना माहीतच नसतं.

लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि "पाय घसरला" सांगू नका, खरं कारण लिहून घ्यायला लावा, तो कागद पुढे कामाला येतो. मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशन कार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा. आमच्या शाळेने शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचीच सही हवी म्हणून माझे पाच महिने घालवले. आता आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, तसं ठणकावून सांगा.

"मुलांसाठी सहन करते" याबद्दल मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही, कधी निघायचं ते तुम्हीच ठरवा, आणि निघायच्या दिवसांतच धोका जास्त असतो म्हणून रागाच्या भरात, कोणाला न सांगता एकटीने निघू नका. पण मुलांकरवी निरोप पाठवणं, "बाबांचा मूड बघून ये" हे बंद करा. मी तो मूड बघायला जायचे, आजही ऑफिसात कोणी दार जोरात लावलं की माझे खांदे वर जातात. आणि मुलाने बहिणीवर हात उचलला तर अडवा, पण "बापावर गेलास" म्हणू नका. माझ्या भावाला ते एकदाच म्हटलं होतं, आजीने. तो ३१ चा झालाय, अजून तो विषय काढतो. मुलांना बाबा आवडतात पण, ते पण आवडू द्या, बाबांचं वागणं चूक आहे एवढं म्हटलं तरी पुरतं.

मोबाईल नवऱ्याच्या हातात जातो असं तुम्ही खाली कमेंटमध्ये म्हटलंयत. मग हे वाचून झालं की हिस्टरी डिलीट करा आणि पुढचं काही विचारायचं असेल तर बहिणीच्या फोनवरून विचारा.