ऊन आहे तोवर : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

एप्रिलच्या पत्रांचा गठ्ठा या वेळी चांगलाच जाड आहे. माझं माहेर राजापूरकडचं, आणि 1979 साली लग्न होऊन मी सोलापूरला आले ती इथलीच झाले. म्हणजे दमट उन्हाळा आणि भाजून काढणारा उन्हाळा, दोन्ही माझ्या अंगावरून गेलेत. बहुतेक पत्रांची उत्तरं त्या दोन उन्हांतच आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच कुरडया केल्या. वाळताना त्यांचे तुकडे पडले आणि तळल्यावर काही फुलल्याच नाहीत. सासूबाई म्हणतात, बाल्कनीत कुरडया होतच नाहीत. खरंच होत नाहीत का?

होतात. तुकडे पडले आणि फुलल्या नाहीत, या दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं : चीक कच्चा राहिला. बाल्कनीचा त्यात फार दोष नाही.

पहिल्या वर्षी अर्ध्या किलोच्या वर गहू घेऊ नका. तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. एक दिवस जरी चुकलात तरी आंबूस वास धरतो आणि तो पुढे तळणीतही जात नाही. चौथ्या दिवशी मिक्सरमधून पाणी घालून वाटा, फडक्यातून पिळून घ्या आणि ते दूध रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळसर पाणी आलेलं दिसेल. ते अलगद ओतून टाका, खाली राहतो तो पांढराशुभ्र घट्ट चीक.

आता मुख्य काम. जितका चीक तितकंच पाणी, त्याच पातेलीनं मोजून. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळ उकळू द्या. मीठ चवीला जरा कमीच वाटलं पाहिजे, कारण वाळल्यावर कुरडई आटते आणि मीठ तेवढंच राहतं. चीक बारीक धारेनं सोडा आणि दुसऱ्या हातानं लाटण्यानं घोटत राहा. या वेळी घरात दुसरं माणूस हवंच. एकटीनं करायला गेलं की गुठळ्या झाल्याच. गोळा घट्ट झाला की पुष्कळजणी गॅस बंद करतात, तुम्हीही बहुधा तेच केलंत. तसं करू नका. आच मंद करा, झाकण ठेवा, आणि मधून मधून ढवळत दहा-पंधरा मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. कच्चा चीक खडूसारखा पांढरा दिसतो. शिजला की त्याचा रंग बदलतो, काचेसारखी झाक येते, आणि पाण्यात बुडवलेलं बोट लावलं तर चिकटत नाही. मी हे डोळ्यांनी ओळखते, घड्याळानं नाही. पूर्ण शिजलेला चीक वाळताना एकमेकाला धरून राहतो. तेलात पडल्यावर आतल्या उरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्याच वाफेनं कुरडई फुलते. कच्च्या चिकाला ना धरता येत, ना फुलता येत.

सोऱ्यात गरम गरमच भरा, गार चिकाला दाब फार लागतो. घालायला सकाळी आठच्या आत बसा, म्हणजे पहिल्या दिवसाचं सगळं ऊन मिळेल. तुमच्या बाल्कनीत चारच तास ऊन असेल, तर ऊन गेल्यावर ताटं आत घेऊन पंख्याखाली ठेवा. संध्याकाळी वरची बाजू सुकली की उलटा. तिसऱ्या दिवशी हातात घेतल्या की खडखड वाजायला हव्यात, तोवर डब्यात भरायच्या नाहीत.

आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला गरम चीक मुलांना वाटीत द्या, वर दूध-साखर घालून. माझ्या सासूबाई पहिली वाटी नेहमी सोऱ्या दाबणाऱ्या बाईला द्यायच्या. मीही तेच करते.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची. सोलापूरच्या नणंदेकडे माठातलं पाणी इतकं गार असतं! तसाच माठ आणला, पण आमच्याकडे पाणी गार होत नाही. माठ खराब असेल का?

माठ चांगला आहे, हवा वेगळी आहे. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि तिथून वाफ होऊन उडतं. उडताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेला पंचा दोरीवर टाकून येईपर्यंत वाळतो. त्यामुळे माठाचं पाणीही भराभर उडतं. तुमच्याकडच्या हवेत आधीच भरपूर ओल, तिथे माठाचं पाणी उडणार कुठे? माझ्या माहेरी म्हणूनच माठाचं फारसं कौतुक नव्हतं. रहाटानं काढलेलं विहिरीचं ताजं पाणी त्याहून गार असायचं.

तरी थोडा फरक पाडता येईल. माठ ओट्याच्या कोपऱ्यात ठेवू नका, खिडकीत वारा लागेल असा तिवईवर ठेवा. बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. आतून साबणानं किंवा काथ्यानं घासू नका, नुसत्या पाण्यानं विसळा. क्षार बसून छिद्रं बुजली की माठ थंडावत नाही, म्हणून मी दर वर्षी पाडव्याच्या सुमाराला नवा घेते. वाळ्याची लहान जुडी पाण्यात सोडा, दर तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवा. पाणी तितकं गार होणार नाही, पण त्याचा वास घशाला फार बरा वाटतो.

प्रश्न : मे महिन्यात बारा दिवस लग्नासाठी गावी जायचं आहे. परसात मोगरा, कढीपत्ता, दोन शेवगे आणि पंधरा-सोळा कुंड्या आहेत. परत येईपर्यंत झाडं जगतील असा काही उपाय? (लातूर)

तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं, कारण ही चूक मी केली आहे. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी सगळ्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, त्या पाण्यानं काठोकाठ भरल्या आणि निश्चिंत मनानं गेले. नवव्या दिवशी परतले तर जाईची काटकी मोडून हातात आली. सोळा वर्षांची जाई होती. ताटल्यांतलं पाणी बहुधा दुसऱ्याच दिवशी आटलं असणार.

आता मी असं करते. जमिनीतल्या झाडाजवळ, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं. रंग दिलेलं किंवा चकाकी असलेलं नको, त्यातून पाणी पाझरत नाही. पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास अंडी घालतात. भोवतालची माती जसजशी सुकेल तसतसं मडकं पाणी सोडतं, आणि मुळं आपण होऊन त्याच्याकडे वळतात. आळ्यात चार बोटं जाडीचा पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी या दोन गोष्टींवर माझा कढीपत्ता दहा वर्षं उभा आहे.

पण एक सांगते, पाच-सहा लिटरचं मडकं बारा दिवस पुरणार नाही. चौथ्या आणि आठव्या दिवशी कुणीतरी भरायलाच हवं. शेजारच्यांना किल्ली द्या आणि येताना त्यांच्यासाठी गावाकडचं काहीतरी आठवणीनं आणा. कुंड्या मात्र सगळ्या उचलून भिंतीच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, मध्ये ओल्या विटा घाला. पाणी घालणाऱ्याला एकाच जागी घालता येतं आणि कुंड्या एकमेकींना सावली करतात.

शेवग्याची काळजी सोडा. तो जगतो.

प्रश्न : हापूसची कोय कुंडीत लावली तर रुजेल का? त्याला हापूसच येईल का? (नाशिक, इयत्ता सहावी)

रुजेल. पण कोय ताजी हवी, महिनाभर कपाटात ठेवलेली चालणार नाही. हापूसच येईल, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. हापूसच्या कोयीतून एकच रोप येतं, आणि ते परागीभवनातून तयार झालेलं असतं. म्हणजे त्याचे वडील कुठलंही आंब्याचं झाड असू शकतात! म्हणून कोकणात कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात, त्याला कोय कलम म्हणतात. तू कोय जरूर लाव. पहिली पानं तांबूस, मऊ, लोंबती येतात. ती बघायला मिळाली तरी खूप झालं.

प्रश्न : नातवंडं महिनाभर नागपूरला आली आहेत. दुपारी बाहेर सोडता येत नाही, आणि घरात मोबाइल सुटत नाही. त्यांना रागावून मी थकले.

रागावू नका, हाताला काम द्या. चिंचोके गोळा करायला सांगा. फरशीच्या खडबडीत कडेवर थोडं पाणी टाकून चिंचोका एका बाजूनं घासायचा. आधी तपकिरी पाणी येतं, मग पांढरा गर दिसायला लागतो. चार चिंचोके घासायला मुलांची एक अख्खी दुपार जाते, बोटं तापतात, आणि कुणाचा जास्त गुळगुळीत झाला यावर वाद होतो. मग खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखा आणि चल्लस आठ खेळा. चारही पांढरे पडले की चल्लस, चारही काळे पडले की आठ. मी शाळेत चौथीच्या वर्गावर असताना मे महिन्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात हे करून घेत असे. ज्या मुलांना बेरजा जड जात, तीच पटावर आधी घरं मोजून मोकळी व्हायची.

आणि 26 मे चुकवू नका. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षात दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते, तेव्हा ढग असतात, म्हणून मे महिन्याचीच धरायची. दिवस गावाच्या अक्षांशावर ठरतो : कोल्हापूरला 7 मे, आमच्याकडे 10, पुण्यात 13-14 आणि तुमच्याकडे 26 मे, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. गच्चीवर सपाट जागी एक तांब्या पालथा घाला. मुलांना डोक्याला पंचा बांधून, पन्हं पाजून पाचच मिनिटं वर न्या. तांब्याची सावली चारी बाजूंनी आत सरकून पोटाखाली शिरते. आदल्या दिवसापासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकावर खूण करायला सांगितलीत, तर पुढचे आठ दिवस मुलं स्वतःच घड्याळ बघतील.

प्रश्न : माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या वहीतून बघून गेल्या वर्षी कैरीचं लोणचं घातलं, महिन्याभरात त्यावर पांढरी बुरशी आली. वहीत मिठापुढे फक्त ‘अंदाजे’ लिहिलं आहे. या वर्षी पुन्हा घालायचं आहे. (बारामती)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी त्या जुन्या बरणीचं. वरचा थर काढून खालचं वापरू नका, सगळं टाकून द्या. बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

बुरशी तीन वाटांनी येते : ओल राहिली, मीठ कमी पडलं, किंवा फोडी तेलाच्या वर राहिल्या. कैऱ्या घट्ट, आंबट आणि कोय धरलेल्या घ्या. धुऊन, पुसून, दोन तास पंख्याखाली पसरा आणि मगच फोडा. फोडून देणाऱ्याकडून आणल्यात तर घरी प्रत्येक फोड कोरड्या फडक्यानं पुसा. एक किलो फोडींना माझं प्रमाण असं : मीठ 200 ग्रॅम, कढईत गरम करून गार केलेलं. मोहरीची डाळ 100 ग्रॅम, तिखट 70, हळद 25, तेलात तळून कुटलेली मेथी दोन चहाचे चमचे, आणि हिंग सढळ हातानं. मीठ-हळद आधी लावून एक दिवस ठेवा, खार सुटेल, तो टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी मसाला कालवा. पाव किलोहून थोडं जास्त तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा, ते वर ओता. चार दिवसांनी बरणीत डोकावून बघा. फोडींच्या वर बोटभर तेल नसेल तर आणखी तापवून, गार करून घाला. बरणी उन्हात वाळवलेली हवी, डाव कोरडा हवा.

हे झालं माझं लोणचं. तुम्हाला हवंय ते त्यांचं. ‘अंदाजे’ लिहिणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे माप असतं, म्हणूनच तिला ते लिहावंसं वाटत नाही. मिठाच्या डब्यात किंवा पिठाच्या डब्यात एखादी जुनी वाटी असेल, काठाला पोचा आलेली, बाकीच्या वाट्यांशी न जुळणारी. ती शोधा. शिगोशीग मीठ भरून वाण्याच्या काट्यावर तोला. वहीत किती किलो कैऱ्यांचं लिहिलं आहे ते बघा, आणि एक वाटी की दोन, हे आकड्यावरून लगेच कळेल. किलोला 200 ग्रॅमच्या आसपास बसलं, तर तेच त्यांचं माप समजा आणि माझं सोडून द्या.

कैरी बाजारात आली आहे. वाटी सापडली आणि वजन कळलं, की मला एक कार्ड टाका.