खाणगावातून आलेले घर

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील नेवाडा राज्यात बिटी या गावी राहते. तिने घेतलेले जुने लाकडी घर जवळच्या ऱ्हायोलाइट या ओस पडलेल्या खाणगावातून उचलून आणले आहे, असे शेजारी सांगतात. हे शक्य आहे काय? असल्यास खरेखोटे कसे पडताळावे? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : शक्य तर आहेच, त्या परिसरात असे सर्रास घडले. ऱ्हायोलाइटजवळ १९०४ मध्ये सोने सापडले आणि चार वर्षांच्या आत तेथे रेल्वे, वीज आणि तिमजली बँक उभी राहिली. पुढे १९०७ च्या आर्थिक अरिष्टाने भांडवल आटले, माँटगोमेरी शोशोन ही मुख्य खाण १९११ मध्ये बंद पडली आणि १९१६ मध्ये वीजही तोडण्यात आली. वाळवंटात इमारती लाकूड मिळत नसल्याने ते बाहेरून आणावे लागे (एका गृहस्थाने तर १९०६ मध्ये दारूच्या रिकाम्या बाटल्या रचून घर बांधले, आणि ते आजही उभे आहे). त्यामुळे गाव उठल्यावर जागेला कोणी विचारीना, लाकडाला मात्र गिऱ्हाईक होते. सहा-सात किलोमीटरवरील बिटीत अनेक घरे गेली. खाणकामगार संघटनेचे सभागृह तेथील नगरसभागृह झाले, तर दोन-दोन खोल्यांची घरे आणून, एकमेकांना जोडून मोठी घरे करण्यात आली.

या जोडकामातच आपल्याला पुरावा सापडेल. नाशिकचा सागवानी वाडा उतरवून दुसरीकडे उभारायचा तर पुन्हा जोडताना ओळखता यावेत म्हणून खांब-तुळयांवर क्रमांक घालावे लागतील. फळ्यांची हलकी घरे मात्र अखंड किंवा तुकड्यांनी नेता येत असल्याने तेथे असे क्रमांक शोधण्यात अर्थ नाही. घराच्या तळाखाली शिरून दोन खोल्यांच्या सांध्यापाशी पाहावे. तुळयांची पातळी किंवा जाडी एकदम बदलते का, भिंत दुहेरी आहे का, आणि मुख्य म्हणजे आतल्या भिंतीच्या पोटात ऊन-पावसाने झिजलेल्या, रंग दिलेल्या बाहेरच्या फळ्या दडल्या आहेत का? अशा फळ्या मिळाल्या तर ती भिंत एके काळी उघड्यावर होती हे नक्की. अर्थात तेवढ्याने घर ऱ्हायोलाइटचेच ठरत नाही, कारण जागच्या जागी वाढवलेल्या घरातही त्या सापडतात.

म्हणून कागदपत्रे पाहावीत, परंतु खरेदीखतावर फार विसंबू नये. आपल्याकडील मालमत्ता पत्रकाप्रमाणे तेही मुख्यतः जागेविषयी बोलते, घर कोठून आले ते क्वचितच सांगते. बिटी ज्या नाय काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येते, तिचे मुख्यालय टोनोपाह येथे आहे. तेथील जुन्या कर-आकारणीच्या नोंदींत जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगवेगळी लावलेली असते. मोकळ्या भूखंडावर ज्या वर्षी बांधकामाची रक्कम प्रथम दिसते, ते वर्ष हाती लागले की निम्मे काम झाले. ते वर्ष १९११ नंतरचे आणि भिंतींची घडण मात्र त्याआधीची वाटत असेल, तर शेजाऱ्यांच्या म्हणण्याला चांगलेच बळ मिळते. ‘ऱ्हायोलाइट हेरल्ड’ हे वृत्तपत्र १९१२ मध्ये बंद पडल्याने त्यानंतरच्या स्थलांतराची बातमी त्यात मिळणार नाही. तो शोध १९१२ पर्यंतच्या अंकांपुरताच ठेवावा.