जॅग्वार सी-टाइपची प्रतिकृती विकत घेताना काय तपासावे?

आपण बर्मिंगहॅमजवळ राहता, जुन्या शर्यतीच्या जॅग्वारची, शक्यतो सी-टाइपची, प्रतिकृती घेण्याचा आपला विचार आहे, आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या किमतींत पाच-सहा पट फरक पाहून आपण गोंधळला आहात. पुढेमागे पुण्याला परतल्यास ती सोबत नेता येईल का, हेही आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे कॉव्हेन्ट्रीच्या परिसरात अशीच एक गाडी बाळगून आहे. माझी स्वतःची खरेदी घाईची होती. नंतर मित्रांसोबत आणखी सात-आठ गाड्या पाहिल्या आणि त्यांतील बहुतेक नाकारल्या, म्हणून पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः नाकारण्याच्या कारणांविषयी आहे.

प्रथम किमतीविषयी. मूळ सी-टाइप पन्नासच्या थोड्या वरच बनल्या. फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९५१ आणि १९५३ साली जिंकली, आणि दुसऱ्या वेळी डिस्क ब्रेकच्या बळावर ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेग राखला, जो त्या शर्यतीत त्यापूर्वी कोणत्याही विजेत्या गाडीने राखला नव्हता. अशा इतिहासामुळे कारखान्याच्या स्वतःच्या चमूतील एक सी-टाइप २०१५ साली अमेरिकेतील लिलावात १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. म्हणून बाकीच्यांसाठी प्रतिकृती आली. पण ‘प्रतिकृती’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एका टोकाला फायबरग्लासची बॉडी, लोखंडी नळ्यांचा साधा सांगाडा आणि जॅग्वारच्याच जुन्या एक्सजे-६ सलूनमधून (म्हणजे चार दारांच्या बंद गाडीमधून) काढलेले इंजिन, ब्रेक व सस्पेन्शन अशी गाडी असते. दुसऱ्या टोकाला हाताने ठोकून घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी, मूळ आराखड्यानुसार जोडलेला नळ्यांचा सांगाडा, मागे टॉर्शन बारवर (स्प्रिंगचे काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या दांड्यावर) बसवलेला एकसंध अक्सल, म्हणजे चाकांचा आस, आणि त्या काळाचे ३.४ लिटरचे इंजिन अशी गाडी असते. खुद्द जॅग्वारनेही २०२१ पासून कॉव्हेन्ट्रीत मोजक्या नव्या सी-टाइप बांधायला घेतल्या, पण त्या रस्त्यावर चालवण्यासाठी नाहीत, म्हणून आपल्या प्रश्नातून त्या बाद होतात.

यांतील कोणती ‘चांगली’, असा प्रश्न विचारू नये. गाडीचे आपण काय करणार, हे आधी ठरवावे. ऐतिहासिक शर्यतींत उतरायचे असेल तर आयोजक गाडीची बांधणी त्या काळातील तपशिलाशी ताडून पाहतात, आणि तेथे फायबरग्लासची, सलूनच्या सस्पेन्शनची गाडी चालत नाही, मग ती कितीही नीट बांधलेली असो. उलट रविवारी सकाळी कॉट्सवोल्ड्सच्या रस्त्यांवर फिरायचे, वर्षातून दोनदा एखाद्या ट्रॅकवर मोकळा दिवस घालवायचा, एवढीच हौस असेल तर ॲल्युमिनियमच्या गाडीत पैसे अडकवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. तिला दगडाचा टवका जरी उडाला तरी मालकाची झोप उडते, आणि तो पत्रा सरळ करणारे कारागीर थोडे व महाग आहेत. आपल्या लिखाणावरून आपण दुसऱ्या प्रकारातले वाटता, म्हणून पुढचे विवेचन फायबरग्लासच्या गाडीविषयी करतो.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. अशी गाडी कारखान्यातून आलेली नसते. बहुधा कोणीतरी सुट्या भागांचा संच विकत घेऊन ती आपल्या गॅरेजमध्ये दोन, पाच, कधी दहा वर्षे खपून जोडलेली असते. संच पुरवणाऱ्या कंपनीच्या नावावर जाहिरातदार भर देतात, परंतु एकाच कंपनीच्या संचातून मी एक अप्रतिम आणि एक धोकादायक, अशा दोन गाड्या बनलेल्या पाहिल्या आहेत. आपण त्या अनोळखी माणसाचे हात विकत घेत असतो. म्हणून गाडीच्या आधी तिची फाईल मागावी. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, सुट्या भागांच्या पावत्या, इंजिन कोणी उघडले आणि त्यात काय बदलले याची नोंद, हे सर्व ज्याने जपले आहे त्याने नटबोल्टही मोजूनमापून आवळले असण्याची शक्यता मोठी असते. ‘फाईल पहिल्या मालकाकडेच राहिली’ असे उत्तर आले, तर किमतीतून बरीच रक्कम वजा करावी किंवा सरळ नमस्कार करून निघावे.

गाडीसमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदा चाकांकडे पाहावे. मूळ सी-टाइपच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर ५१ इंच होते, तर एक्सजे-६ चे सुमारे ५८ इंच. हे सात इंच कोठे तरी जिरवावे लागतात. चांगला बांधणारा मागचा अक्सल आणि पुढचे आधार कापून अरुंद करतो. आळशी माणूस बॉडीचे मडगार्ड फुगवतो, आणि मग ती गाडी समोरून सी-टाइप न दिसता सुजलेली दिसते. दिसण्याचा प्रश्न आवडीचा म्हणून सोडला, तरी अरुंद केलेल्या भागांवरचे वेल्डिंग हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ते कोणी केले याची पावती नसेल, तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ती गाडी चालवून पाहण्याचाही मोह धरू नये.

त्याच सलूनच्या मागच्या सस्पेन्शनची आणखी एक खोड आहे आणि तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. या रचनेत मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीला) चिकटून असतात. डिफरन्शियलची सील जुनी झाली की तेल थेट डिस्कवर उतरते, ब्रेक एका बाजूला ओढू लागतात, आणि दुरुस्तीसाठी बहुतेक गाड्यांत मागच्या सस्पेन्शनचा तो सगळा जोड खाली उतरवावा लागतो. मी गाडी पाहिली तेव्हा पाऊस पडत होता, अंगात नवे जाकीट होते आणि विक्रेता गोड बोलणारा होता. मी खाली वाकलोच नाही. दोन महिन्यांनी जे बिल आले त्यात तशी दहा जाकिटे आली असती. तेव्हा सोबत विजेरी आणि अंथरायला जुनी चादर न्यावी, गाडी भक्कम स्टँडवर चढवायला लावावी, आणि डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना ओल आहे का ते बोट फिरवून पाहावे.

इंजिनाची चिंता त्यामानाने कमी आहे. जॅग्वारचे सहा सिलिंडरचे एक्सके इंजिन १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९२ पर्यंत बनत राहिले, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि ते जाणणारे लोकही आपल्याच भागात आहेत. इंजिन पूर्ण तापल्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांना ऑइल प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास असावे. त्याच्या बरेच खाली असेल तर बेअरिंगांचे काम जवळ आले असे समजावे. वरच्या टायमिंग चेनचा खुळखुळाट फार खर्चिक नसतो, खालच्या चेनचा असतो, कारण त्यासाठी बहुधा इंजिन बाहेर काढावे लागते. ४.२ लिटरच्या ब्लॉकला सिलिंडरांच्या मधल्या भिंतींत तडे जाण्याची ख्याती आहे, म्हणून पाणी कमी होते का आणि एक्झॉस्टमधून पांढरी वाफ सतत येते का, हे पाहावे. मागच्या सीलमधून तेलाचे चार थेंब गळत असतील तर मात्र घाबरू नये. जे इंजिन अजिबात गळत नाही त्यात तेल आहे ना, असा विनोद येथील मंडळी करतात.

तापण्याचा प्रश्न मात्र या गाडीच्या रक्तातच आहे. १९५२ साली मर्सिडीजच्या वेगाची धास्ती घेऊन जॅग्वारने ल माँसाठी सी-टाइपचे नाक ऐनवेळी लांब व निमुळते केले, पाण्याची व्यवस्था बदलली, आणि तिन्ही गाड्या तापून शर्यतीबाहेर पडल्या. प्रतिकृतीत त्याच लहान तोंडामागे मोठे इंजिन बसवलेले असते आणि गाडी सिग्नलला उभी राहते. म्हणून चाचणी मोकळ्या रस्त्यावर घेऊन भागत नाही. परत आल्यावर इंजिन वीस मिनिटे तसेच चालू ठेवायला सांगावे, विजेचा पंखा आपोआप सुरू होतो का आणि सुरू झाल्यावर काटा खाली येतो का, ते शांतपणे उभे राहून पाहावे. त्या वीस मिनिटांत विक्रेता किती अस्वस्थ होतो, हेही पुष्कळ काही सांगून जाते.

बॉडीविषयी थोडक्यात. फायबरग्लासवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले तर ते कोठे आहेत ते पाहावे. बिजागऱ्यांजवळ असतील तर किरकोळ, पण सांगाड्याला जोडलेल्या ठिकाणी असतील तर आतला सांगाडा हलत असण्याचा संभव असतो. नळ्या आतून गंजतात, आणि वरचा चकचकीत रंग त्याबद्दल काहीच सांगत नाही. गाडीत स्वतः बसून पाहणेही आवश्यक आहे. माझी उंची ५ फूट १० इंच आहे आणि रुंद तळव्याच्या बुटांनी मला ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले जातात, म्हणून डिकीत अरुंद बुटांचा एक जोड कायम असतो.

आता कागदपत्रे, कारण खरे नुकसान येथे होते. ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या बांधलेल्या गाड्यांसाठी १९९८ पासून एसव्हीए आणि २००९ पासून आयव्हीए ही तपासणी आहे. त्याआधीच्या काळात अनेकांनी गाडी नवी बांधली, परंतु जिचे भाग वापरले त्या सलूनचे लॉगबुक, म्हणजे नोंदणीचे कागद, तसेच पुढे चालवले. परिणामी रस्त्यावर दोन जणांची उघडी गाडी आणि कागदावर चार दारांची सलून, असा प्रकार आजही विक्रीला येतो. विक्रेता उलट त्याचेच गुणगान करतो, की नोंदणी जुनी असल्यामुळे रस्ताकर नाही आणि वार्षिक तपासणीही नाही. ही सवलत चाळीस वर्षांपेक्षा जुन्या खऱ्या गाड्यांसाठी आहे. नोंदणी खात्याने चौकशी केली तर जुना क्रमांक रद्द होऊ शकतो, गाडी नव्याने तपासणीला न्यावी लागते, आणि ओळख सिद्ध न झाल्यास तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो, ज्यामुळे पुढच्या विक्रीत किंमत उतरते. त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. सलूनचे भाग नियमाप्रमाणे वापरून, तपासणी पार करून, तिच्या वयाला साजेसा क्रमांक घेतलेला असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त लॉगबुकवरील वर्णन आणि चॅसिसवरचा क्रमांक समोरच्या गाडीशी जुळला पाहिजे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यातच नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील मजकूर वाचावा.

तपासणी पार केलेल्या गाडीतही एक मेख असते. बाहेर आलेल्या टोकदार भागांना आयव्हीएत मनाई असल्याने तारांच्या चाकांवरचे पंखधारी नट काढून साधे नट लावतात, कडांना रबर चिकटवतात, आणि प्रमाणपत्र हाती पडताच सर्व पूर्ववत करतात. परीक्षा संपल्यावर पुस्तके रद्दीत जावीत तसे. याबद्दल मी कोणाला नावे ठेवत नाही, पण विमा घेताना गाडी आज जशी आहे तशीच सांगावी, आणि विमा कंपनीशी आधी ठरवलेल्या किमतीचा विमा घ्यावा, बाजारभावाचा नव्हे.

नावाचाही प्रश्न आहे. २००८ पासून टाटा समूहाच्या मालकीची असलेली जॅग्वार कंपनी आपल्या जुन्या आकारांबद्दल जागरूक झाली आहे. स्वीडनमधील एका जोडप्यावर सी-टाइपच्या प्रतिकृतीवरून तिने खटला भरला, २०२० साली पहिल्या न्यायालयात कंपनी जिंकली आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. वापरलेली एक गाडी घेणाऱ्याला यातून फारशी झळ पोहोचावी असे मला वाटत नाही, पण पावतीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्यावा.

पुण्याविषयी मात्र आशा सोडावी. भारतात परदेशातून वापरलेली गाडी आणताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते, आणि नोंदणीसाठी एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते, जी मोठ्या कारखान्यांच्या मॉडेलना मिळते, गॅरेजमध्ये जोडलेल्या एकुलत्या एक गाडीला मिळणे जवळपास अशक्य. जुन्या विंटेज गाड्यांसाठी वेगळी सवलत आहे, पण ती गाडीच्या खऱ्या वयावर मिळते आणि आपली प्रतिकृती दिसायला १९५१ ची असली तरी वयाने तशी नाही. परतायचे ठरले तर येथेच विकावी. नीट कागदपत्रांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळते.

पाहायला जाण्याच्या आदल्या दिवशी विक्रेत्याला फोन करून, आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये अशी विनंती करावी. पोहोचल्यावर हात मिळवण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. माझ्या मित्रासोबत पाहिलेल्या एका गाडीचे बॉनेट सकाळी नऊ वाजता, जानेवारीत, चांगले उबदार होते. आम्ही चहा घेतला, आभार मानले आणि फाईल न उघडताच परत आलो.