स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उजव्या हाताला लिम्फेडेमा (द्रव साचून येणारी सूज) झाला आहे. चित्रं काढणं सोडावं लागेल का?

नाही, सोडू नका, आणि शक्यतो त्याच हाताने काढत राहा. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हातातला द्रव परत जायच्या वाटा कमी होतात. स्नायू आवळले-सैलावले की तोच द्रव पुढे सरकतो, त्यामुळे हात हलता असलेलाच बरा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात लिम्फेडेमा असलेल्या 141 स्त्रिया होत्या. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामानेही त्यांची सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळून येणं कमी झालं. ब्रश तर त्यापुढे काहीच नाही. बाधतं ते हात लोंबता किंवा एकाच जागी ठेवून, ब्रश घट्ट आवळून तासन्‌तास बसणं. जाड दांड्याचा ब्रश घ्या, कोपराला आधार द्या, अधूनमधून थांबून मुठी उघडा-मिटा. कॉम्प्रेशन स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) दिली असेल तर ती घालूनच काम करा. पंजाही सुजत असेल तर तसाच दाब देणाऱ्या हातमोजाबद्दल थेरपिस्टला विचारा. सगळ्यात जास्त जपा ती त्वचा: टर्पेंटाइनने ती कोरडी पडून भेगाळते, लिनोकटच्या (लिनोलियम कोरून केलेल्या छापचित्राच्या) पात्याने कापते, आणि अशा हातात जंतुसंसर्ग फार लवकर पसरतो. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरा, काम झाल्यावर हात धुऊन मॉइश्चरायझर लावा. मात्र हे सगळं सूज स्थिर असेल तरच. हात लाल किंवा गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.