बाहुला बाहुलीसारखा का दिसतो?

पत्रं वेगवेगळी, फोटो वेगवेगळे, तक्रार मात्र एकच: "मुलगा म्हणून घेतला, पण बघणारा प्रत्येक जण 'किती गोड बाहुली!' म्हणतो." बीजेडी, म्हणजे आतून इलॅस्टिकने ओवलेल्या, गोल सांध्यांच्या रेझिनच्या बाहुल्या जमवणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. मीही याची उत्तरं आधी दिली आहेत. तरी लोक ऐकीव सल्ल्यावर आधी कानस उचलतात आणि मग मला लिहितात, म्हणून पुन्हा एकदा. ज्यांना मुलगा की मुलगी हे कळूच नये असा नाजूक, देखणा बाहुला आवडतो, त्यांनी हे खुशाल सोडून द्यावं. त्यांचं काहीही चुकलेलं नाही.

प्रश्न: कंपनीच्या फोटोत तो चांगला रुबाबदार तरुण दिसत होता. खोक्यातून निघाला तो गोल चेहऱ्याचा, मुलीसारखा. मला दुसरंच डोकं पाठवलं असेल का?

बहुधा नाही. तुम्ही फोटोत पाहिलं ते डोकं नव्हतंच, ती सजावट होती. कॅमेरा हनुवटीच्या खाली, उजेड वरून, त्यामुळे भुवयांची सावली डोळ्यांवर. कपाळावर केस, बारीक मान झाकायला उभी कॉलर. एकच डोकं लांब केस लावून मुलगी म्हणून आणि आखूड केस लावून मुलगा म्हणून विकणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

१९९९ साली जपानच्या व्होल्क्स कंपनीने सुपर डॉल्फी नावाची अशीच रेझिनची बाहुली बाजारात आणली. मोठे डोळे, इवलंसं नाक, निमुळती हनुवटी ही घडण तेव्हापासून या छंदात मुरली आहे. नेमक्या याच खुणा पाहून आपला डोळा 'लहान मूल' किंवा 'मुलगी' ठरवतो. म्हणून घेण्याआधी कोऱ्या डोक्याचे, म्हणजे रंग, डोळे आणि विग नसलेल्या डोक्याचे तीन फोटो मागायचे: समोरून, तिरकं आणि पूर्ण बाजूने. भुवईचं हाड, नाकाचा दांडा आणि हनुवटी खरी कशी आहे ते बाजूच्या फोटोतच कळतं. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. तुम्ही आता तुमच्या डोक्याचे असेच तीन फोटो काढून कंपनीच्या कोऱ्या फोटोंशी ताडून पाहा. शंका उरली तर कंपनीला लगेच लिहा, रंगाचा पहिला हात मारायच्या आधी. नंतर दाद मिळणं कठीण.

प्रश्न: १६ मिमीऐवजी १४ मिमीचे डोळे बसवले तर चालेल का?

चालेल, मात्र बुबुळ लहान असलेलेच घ्या आणि कडेला फट पडत नाही ना, हे डोळे बसवायच्या मऊ पुट्टीने तात्पुरते चिकटवून आधी बघा.

प्रश्न: 'पुरुषी फेसअप'साठी, म्हणजे चेहऱ्याच्या रंगकामासाठी, खास रंगांचा संच मिळतो म्हणे. तो घेऊ का? माझ्या हातून दर वेळी तो मेकअप केलेल्या मुलीसारखाच होतो.

संच घेऊ नका. त्यात तेच सॉफ्ट पेस्टल, त्याच वॉटरकलर पेन्सिली आणि तोच ॲक्रिलिक रंग असतो, डबीवर फक्त मिशी काढलेली असते. चूक रंगांत नाही, तुम्ही ते किती लावता यात आहे.

रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. स्त्री की पुरुष हे कळणार नाही असा एकच चेहरा त्याने दोनदा मांडला. एका चित्रात डोळे-ओठ आणि त्वचा यांच्यातला फरक वाढवला, दुसऱ्यात कमी केला. पहिला चेहरा बाईचा वाटतो, दुसरा पुरुषाचा. नाक तेच, जबडा तोच! आपण चेहरा 'उठावदार' करायला जातो आणि त्या नादात बाहुल्याची बाहुली करतो, ते यामुळे.

तेव्हा हात आखडता घ्या. ओठांना त्वचेच्या रंगाच्या जेमतेम एक छटा पुढे जा. गुलाबी नको, मातकट तपकिरी घ्या, आणि चकाकी अजिबात नको. ओठांची कड रेषेने बांधू नका, सावली फक्त दोन ओठांच्या मधल्या भेगेत. वरच्या पापणीची कड काळी नको, गडद तपकिरी पुरे. चिकटवायच्या नकली पापण्या काढून टाका किंवा कापून निम्म्या करा. खालच्या पापण्या रंगवायच्याच असतील तर तुरळक, आखूड आणि फिक्या. गालावर लाली लावायची सवय असेल तर तोच ब्रश गालाच्या हाडाखाली, कानशिलांवर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना राखट तपकिरी रंगात फिरवा.

खरं काम भुवया करतात. त्या खाली आणा, डोळ्याच्या जवळ. कमान कमी, जाडी जास्त, आतलं टोक बोथट. एक पट्टा ओढू नका. एकेक केस वेगळा काढा आणि काही केस मुद्दाम वाकडे जाऊ द्या. माझ्याकडे येणाऱ्या डोक्यांपैकी बऱ्याच डोक्यांचं दुखणं केवळ भुवई उंच असल्याचं असतं. जुनी पुसून नवी काढली की माणूस उभा राहतो, कानशीला हात लावावा लागत नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर फेसअप करणाऱ्या अनुभवी व्यक्तीकडे द्या, पण देताना 'पुरुषी करा' एवढंच म्हणू नका. कुठल्या वयाचा आणि कसा माणूस हवा, ते फोटोंसह सांगा.

प्रश्न: दाढी काढली की प्रश्न मिटतो ना?

नाही. बायकी चेहऱ्यावर दाढी काढली की दाढीवाली बाई दिसते. आधी भुवया, डोळे आणि ओठ, मग दाढी. खुंट हवे असतील तर राखट निळसर-तपकिरी पेस्टल स्पंजने टिपत लावा, ओढू नका. जबड्याखाली गडद, गालाकडे विरत जाणारं. मोहेअरची, म्हणजे बकरीच्या मऊ लोकरीची, दाढी चिकटवायची असेल तर सीलंटचा, म्हणजे रंग पक्का धरणाऱ्या फवाऱ्याचा, थर आधी पक्का वाळू द्या आणि पाण्याने निघेल असाच गोंद वापरा.

प्रश्न: जबडा कोरीव दिसावा म्हणून मिनी ग्राइंडरने घासते आहे. खोली बंद करून, तोंडाला रुमाल बांधून. रेझिन नैसर्गिक असतं, त्याच्या धुळीने काही होत नाही, असं एका व्हिडिओत ऐकलं. अजून किती घासू?

ताई, आधी ग्राइंडर बंद करा आणि खिडकी उघडा.

रेझिन म्हणजे झाडाची राळ, हा समज कुठून निघाला ते कळतं, शब्दकोशात तसंच लिहिलेलं असतं. पण आपल्या बाहुल्यांचं रेझिन झाडातून पाझरलेलं नाही. दोन रसायनं मिसळून साच्यात ओतलेलं ते पॉलियुरेथेन आहे, सरळ शब्दांत प्लास्टिक. ग्राइंडर त्याची पिठासारखी धूळ करतो आणि ती तासन्‌तास हवेत तरंगते. त्यातली सर्वांत बारीक धूळ, जी दिसतही नाही, ती फुप्फुसात खोलवर जाते. रुमाल डोळ्यांना दिसणारी धूळ अडवतो, म्हणजे नेमकी ती, जिची फारशी भीती नाही. मीही पहिलं डोकं असंच कोरडं घासलं होतं. दोन दिवस खोकत होते, आणि पडद्यांवर पांढरी साय आठवडाभर होती.

घासायचंच असेल तर ओलं घासा. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या, पसरट भांड्यात पाणी, आणि डोकं पाण्यात धरून हाताने. ३२० नंबरपासून सुरू करून ४००, ६००, ८०० असं चढत जा. तरीही चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क हवाच. झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे बदला. लहान मूल किंवा पाळीव प्राणी त्या खोलीत नको. आणि लक्षात ठेवा, हाच मास्क सीलंटच्या स्प्रेला चालत नाही. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. स्प्रेला सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, उघडी जागा लागते, आणि हवा दमट असली तर थांबायचं, नाहीतर चेहऱ्यावर पांढरं धुकं धरतं. खोकला राहिला असेल, छातीत जड वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि काय घासत होता ते त्यांना स्पष्ट सांगा. मला पुढचं पत्र त्यानंतर.

आता जबडा. घासल्याने वस्तू कमी होते, एवढं तरी मान्य? मग घासून जबडा रुंद कसा होईल? तुम्ही जितकं 'कोरत' गेलात तितका चेहरा निमुळता झाला, म्हणजे आणखी मुलीसारखा. पुरुषी चेहऱ्याला बहुतेक वेळा भर हवी असते: कानाखालच्या जबड्याच्या कोनावर, हनुवटीच्या दोन्ही कोपऱ्यांवर, भुवईच्या हाडावर. कानशीचं काम फार थोडं. वरच्या ओठाची धनुष्यासारखी कमान किंचित सपाट करणं, ओठांचा फुगीरपणा उतरवणं, वर वळलेलं नाकाचं टोक खाली आणणं, फुगरे गाल थोडे बसवणं. इतकंच.

भर घालायच्या आधी मुलांची मऊ क्ले चिमूटभर लावून फोटो काढा. आरशातही बघा, दोन बाजू सारख्या नसतील तर आरसा लगेच चुगली करतो. पटलं तर क्ले काढून जागा साबणाने स्वच्छ धुवा, वॉटर पेपरने खरखरीत करा आणि मग दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी लावा. ओली पुट्टी त्वचेला लागून ॲलर्जी उठू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. चोवीस तास हात लावू नका, मग ओलं घासा. पुट्टीचा रंग रेझिनशी जुळत नाही, त्यामुळे वरून पूर्ण चेहरा रंगवावा लागतो, हे आधीच धरून चाला.

तुमचं डोकं आत्ता कुठवर गेलंय हे फोटोशिवाय सांगता येणार नाही. ते तसंच बाजूला ठेवा आणि डोक्यांची घडण बदलणाऱ्या एखाद्या कारागिराला दाखवा. गेलेलं रेझिन परत येत नाही, पण पुट्टीने बरंच सावरता येतं.

प्रश्न: फेसअप काढायला ॲसिटोन चालेल का?

नाही, ते रेझिनचा पृष्ठभागच खराब करतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, आणि सीलंट कुठलं आहे ते माहीत नसेल तर आधी रंगवणाऱ्याला विचारा.

प्रश्न: डोकं आवडतं, पण ६० सेंमीचं अंग कोवळ्या पोरासारखं आहे. ७० सेंमीचं पीळदार अंग बसेल का? एक जण हुबेहूब तेच अंग निम्म्या किमतीत देतो आहे, "त्याच कारखान्यातलं" म्हणतो.

कल्पना चांगली आहे. मोठ्या माणसाची उंची साधारण त्याच्या साडेसात डोक्यांएवढी असते, म्हणून तेच डोकं उंच अंगावर आपोआप वयाने वाढलेलं दिसतं. रुंद खांदे, अरुंद कंबर, जाड मान आणि मोठे हात यांनी जो फरक पडतो तो कुठल्याही रंगाने पडत नाही. हात विशेष बघा: पुष्कळ पीळदार अंगांना मुलींचे पंजे बसवलेले असतात.

मापं मात्र दोरीने नाही, टेपने घ्या. मानेचा घेर आणि डोक्याखालच्या भोकाचा व्यास दोन्ही कंपन्यांच्या तक्त्याशी जुळवा. रंगाचं नाव एकच असलं तरी छटा कंपनीगणिक वेगळी असते, शिवाय अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडत जातं, त्यामुळे जुनं डोकं आणि नवं अंग सहसा जुळत नाही.

"त्याच कारखान्यातलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की तो कारखाना एकदा तरी बघायची इच्छा आहे. ती नक्कल असते. मूळ बाहुलीवरून साचा काढून ओतलेली, बहुधा किंचित आकसलेली, म्हणजे तुमचं मानेचं माप तिथेच चुकलं. कलाकाराचे पैसे बुडतात ते वेगळंच. मूळ कंपनीलाच लिहून विचारा.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी काळ्या जीन्सखाली मांड्यांवर निळसर डाग दिसले. आता गडद झालेत. टूथपेस्ट किंवा मुरुमांचं क्रीम लावू का?

दोन महिन्यांपूर्वी दिसले आणि जीन्स अजून अंगावरच आहे, असा तुमच्या पत्राचा अर्थ मी लावते. आत्ता उतरवा. बाहुला पुरुषी दिसावा म्हणून सगळे त्याला काळं आणि गडद घालतात, आणि तोच रंग हळूहळू रेझिनमध्ये उतरतो. टूथपेस्ट नको, मुरुमांचं क्रीमही नको. तो विनाइलच्या बाहुल्यांवरून आलेला ऐकीव उपाय आहे. ओल्या मेलामाइन स्पंजने अगदी हलक्या हाताने, आतल्या बाजूच्या लपलेल्या जागी करून बघा. अंगावर रंगकाम असेल तर तेही निघेल, हे ध्यानात असू द्या. डाग खोल गेला असेल तर ओलं घासणं हाच मार्ग, आणि ते जाणत्या हातानेच. पुढे गडद कपडा धुऊन, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पारखल्याशिवाय घालू नका. आत पांढरं अस्तर किंवा मोजे घाला.

प्रश्न: चेहरा, अंग, कपडे सगळं जमलं. तरी उभा केला की लाजल्यासारखा दिसतो.

कारण तुम्ही त्याला बाहुलीसारखा उभा करता: गुडघे जुळलेले, मनगट दुमडलेलं, मान एका बाजूला कललेली. पावलं खांद्यांइतकी लांब ठेवा, चवडे किंचित बाहेर, कोपरं अंगापासून सुटी, मनगट सरळ, हनुवटी समांतर. एवढ्याने भागलं नाही आणि गुडघे आपोआप मोडत असतील तर इलॅस्टिक सैल झालंय. ते बदला आणि सांध्याच्या वाटीत मऊ चामड्याचा पातळ तुकडा चिकटवा, म्हणजे ठेवलेली ढब टिकते. ७० सेंमीच्या बाहुल्याचं इलॅस्टिक निसटलं तर बोट चांगलंच चेंगरतं, म्हणून पहिल्या वेळी ज्याने हे आधी केलंय असा कुणीतरी शेजारी बसवून घ्या.