इंडिजिनस सोशल वर्कला अर्ज करण्याआधी: धडगावच्या मुलीला विनिपेगहून उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू पावरा समाजातली, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालेली, धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषणाच्या कामात मुरलेली, आणि आता तुला कॅनडात इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूलनिवासींच्या दृष्टीतून शिकवल्या जाणाऱ्या, सोशल वर्कची मास्टर्स करायची आहे. अर्जात ‘इंडिजिनस’पुढे खूण करू का, विद्यापीठ कुठलं धरू, आणि पुढे काम मिळेल का, असं तू विचारलं आहेस. ताई म्हटलंस म्हणून अगंतुगंवरच येते. मी नाशिकची, आदिवासी नाही. इथे साधी एमएसडब्ल्यू केली आणि आता मुलं-कुटुंबं यांच्यासाठीच्या एका संस्थेत काम करते. सोबतचे बरेच जण क्री आणि अनिशिनाबे या मूलनिवासी समाजांतले आहेत. त्यामुळे सांगते ते शेजारून पाहिलेलं, एवढं धरून चाल.

त्या चौकटीत खूण करू नकोस. हे सगळ्यात आधी, कारण इथेच अर्ज बिघडतो. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेतल्या कलम ३५ नुसार फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी हेच तीन समूह त्या सदरात येतात. तुझं जातवैधता प्रमाणपत्र कितीही पक्कं असलं तरी ते तिथलं कागदपत्र नव्हे. शिवाय गेल्या काही वर्षांत नसलेली ओळख सांगून प्राध्यापकपद आणि मानसन्मान मिळवल्याची प्रकरणं इथे लागोपाठ बाहेर आली. त्यानंतर बऱ्याच विद्यापीठांनी तोंडी दाव्यावर विसंबणं सोडलं, पुरावा मागतात. भाबडेपणाने केलेली खूणसुद्धा खोटेपणा ठरू शकते. तू इंटरनॅशनल अर्जदार म्हणूनच अर्ज कर. आदिवासी असल्याचं सांग, ठणकावून सांग, पण त्याची जागा एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या तुझ्या निवेदनात आहे.

आता ही पदवी निघाली कशासाठी ते समजून घे, म्हणजे पुढचे प्रश्न निम्मे सुटतील. इथल्या सोशल वर्करचं नाव इंडिजिनस लोकांच्या घरात प्रेमाने घेतलं जात नाही. आधी त्यांच्या मुलांसाठी चर्च आणि सरकार मिळून चालवत ती निवासी शाळा. १९२० च्या कायदेदुरुस्तीने तिथली हजेरी सक्तीची केली. सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली आणि शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली. त्या शाळांचा जोर ओसरायला लागला तसं मुलं उचलण्याचं काम बालकल्याण खात्याकडे आलं. साठच्या दशकापासून हजारो मुलं गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली गेली, काही थेट परदेशात. आमच्या मॅनिटोबात न्यायाधीश किमेलमन यांनी १९८५ च्या अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. त्या मुलांच्या फायलींवर सह्या सोशल वर्करच्या होत्या.

आणि हे संपलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत इंडिजिनस मुलं ७.७ टक्के होती, पण फोस्टर केअरमध्ये, म्हणजे घरापासून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्यांत, ५३.८ टक्के. मॅनिटोबात तर बालकल्याण खात्याच्या ताब्यातल्या मुलांपैकी दहात नऊच्या आसपास इंडिजिनस. बाळंतिणीला न सांगता दवाखान्याला आधीच ‘या बाईच्या बाळावर लक्ष ठेवा’ असा इशारा धाडायची पद्धत होती, ती इथे जुलै २०२० मध्ये थांबली. म्हणजे परवा-परवापर्यंत होती.

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातल्या पहिल्या पाच बालकल्याणावरच आहेत आणि सोशल वर्करना या इतिहासाचं शिक्षण द्या, हे पहिल्याच शिफारशीत आहे. १ जानेवारी २०२० पासून कॅनडाच्या केंद्र सरकारचा नवा कायदा लागू झाला. आपल्या मुलांबाबतचे कायदे करण्याचा या समाजांचा हक्क त्याने मान्य केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पेग्विस फर्स्ट नेशनसारख्यांनी स्वतःचे कायदे केलेही. या यंत्रणा चालवायला माणसं लागणार, ती समाजातलीच हवीत, आणि ती घडवायला या पदव्या आहेत. जागा थोड्या असतात, कित्येक ठिकाणी इंडिजिनस अर्जदारांना अग्रक्रम असतो, काही स्पेशलायझेशन तर फक्त त्यांच्यासाठीच. तू त्या वर्गात पाहुणी असशील. पाहुणीने येऊ नये असं नाही, पण पाटावर बसण्याआधी तो कुणासाठी मांडलाय ते बघावं.

विद्यापीठांचं थोडक्यात सांगते. फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडा १९७६ पासून सस्कॅचवनमध्ये आहे. तिचा इंडिजिनस सोशल वर्क विभाग सॅस्काटूनला, आणि पदवीवर शिक्का रेजायना विद्यापीठाचा. ऑन्टारिओत किचनरला विल्फ्रिड लॉरिएची एमएसडब्ल्यू आहे, तिच्यात इंडिजिनस शाखा वेगळी. आमच्या मॅनिटोबा विद्यापीठात इंडिजिनस ज्ञानावर आधारलेली एमएसडब्ल्यू आहे. निवासी शाळांच्या साक्षी आणि कागदपत्रं जपणारं राष्ट्रीय केंद्रही याच आवारात आहे, अभ्यासाला हा मोठा फायदा. अल्बर्टात ब्लू क्विल्स आहे. ती इमारत मुळात निवासी शाळाच होती. १९७० मध्ये पालकांनी तिथे ठिय्या देऊन ती ताब्यात घेतली आणि आज तिथे त्यांचं स्वतःचं विद्यापीठ चालतं. वाचायला तिची गोष्ट सगळ्यात सुंदर, पण गोष्टीवर भाळून अर्ज करू नकोस. प्रत्येक ठिकाणी कोऑर्डिनेटरला ईमेल करून तीन गोष्टी विचार: इंटरनॅशनल विद्यार्थी घेता का, वर्ग प्रत्यक्ष किती आणि ऑनलाइन किती, आणि संस्थेला डीएलआय क्रमांक (परदेशी विद्यार्थी घ्यायची सरकारी मान्यता) आहे का. दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. नोकरी करणाऱ्या स्थानिकांच्या सोयीसाठी यातले काही कोर्स अर्धवेळ किंवा बरेचसे ऑनलाइन चालतात. त्यांच्यासाठी ते उत्तम, पण तुझं स्टडी परमिट आणि नंतरचं वर्क परमिट त्यात अडकू शकतं.

आता एसओपी. तू पाठवलेला मसुदा इंग्रजी म्हणून छान आहे, पण एजंटांकडच्या नमुन्यासारखा वाटतो. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’, ‘कॅनडाचं जागतिक दर्जाचं शिक्षण’ हे सगळं काढ. इथे माणूस आपली ओळख नावाने संपवत नाही. मी अमुक नेशनची, माझी आजी तमुक गावची, राजसत्तेशी झालेला आमचा करार तमुक क्रमांकाचा, अशी सुरुवात होते. (विनिपेग १८७१ च्या पहिल्या करारातल्या जमिनीवर आहे, हे तुला इथे प्रत्येक बैठकीत ऐकू येईल.) तुला हे परकं वाटू नये. सातपुड्यात कुठल्याही घरी गेलीस तर कुठल्या पाड्याची, कुणाची, हे आधी विचारतातच ना? तेच लिही. कुठला पाडा, घरात कुठली भाषा, जंगलाशी कसलं नातं, वनहक्काचा दावा मिळाला की अडकलाय. हे लिहिणारे अर्जदार त्यांच्याकडे क्वचित येतात.

आश्रमशाळेचा परिच्छेद मात्र बदल. ‘आमच्या आश्रमशाळा म्हणजे तुमच्या निवासी शाळाच’ असं तू लिहिलंयस. तू स्वतः आश्रमशाळेत शिकलीस, तेव्हा बोलायचा हक्क तुझा आहे. पण इतकी सरसकट तुलना त्यांना खुपेल आणि खरीही नाही. इथे पोलीस पाठवून मुलं नेली आणि भाषा मारणं हा जाहीर हेतू होता. आपल्याकडे आईबापांनीच दोन वेळचं जेवण आणि अक्षरं मिळतील म्हणून पाठवलं, आणि तरीही पावरी बोलल्यावर गुरुजी हसायचे, घर आठवून मुलं पळून जायची, काही आजारात दगावली. तू पाहिलंस तेवढंच लिही, साम्य वाचणाऱ्याला दिसेल. शेवटी एकच प्रश्न उरतो आणि निवड करणारे तोच बघतात: इथलं शिकून तू कुणाच्या उपयोगी पडणार? ‘कॅनडात स्थायिक व्हायचंय’ हे उत्तर पाप नाही, पण या कोर्ससाठी ते पुरत नाही. परतून सातपुड्यात काय करणार, किंवा इथे राहिलीस तर फर्स्ट नेशनच्या संस्थेत कुणाच्या हाताखाली काय शिकणार, ते नेमकं मांड.

शिफारसपत्रं दोन प्राध्यापकांचीच नकोत. एक तुझ्या कामाच्या गावातलं असू दे. काही कोर्स समाजातल्या व्यक्तीचं पत्र मागतातही. तुझ्या आशाताईने किंवा पाड्याच्या कारभाऱ्याने मराठीत लिहून दिलं आणि सोबत भाषांतर जोडलं, तर माझ्या मते ते विभागप्रमुखांच्या गुळगुळीत पत्राहून वजनदार ठरेल.

वर्ग कसा असतो, तर गोल. बोलायची पाळी फिरत येते, मध्ये तोडायचं नाही, आणि गप्प राहिलीस तरी चालतं. एल्डर, म्हणजे समाजातले जाणते वडीलधारे, शिकवतात, त्यांना कुठे प्राध्यापकाइतका, कुठे त्याहून जास्त मान असतो. मैदानी भागातल्या क्री आणि अनिशिनाबे लोकांत एल्डरकडे काही मागायला जायचं तर आधी तंबाखू द्यायची असते, बहुतेकदा कापडाच्या छोट्या पुरचुंडीत. इनुइटांकडे ही रीत नाही, म्हणून जिथे जाशील तिथलं विचारून घे. सेज या पवित्र वनस्पतीचा धूर घेताना मोबाइल काढायचा नाही. अभ्यास सोपा असेल असं समजू नकोस. जर्नल, प्रबंध, फील्डवर्क सगळं असतं, वर स्वतःच्या घराविषयी बोलावं लागतं, आणि मला विचारशील तर तेच सगळ्यात अवघड.

तुझी एमएसडब्ल्यू वाया जात नाही. परदेशी पदव्या कॅनडाच्या तोलाच्या आहेत का, हे कॅनेडियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स तपासून देतं आणि परवाना त्या त्या प्रांताची नोंदणी करणारी संस्था देते, बऱ्याच ठिकाणी तिला कॉलेज म्हणतात. मॅनिटोबात नोंदणीशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. म्हणून ते मूल्यांकन आधी करून घे. पदवी मान्य झाली तर कदाचित दुसऱ्या मास्टर्सची गरजच नाही, आणि एकाच विषयाची दोनदा मास्टर्स कशाला, हा प्रश्न व्हिसा अधिकारी विचारणारच. त्याचं उत्तर ‘विषय एक नाही’ हेच आहे, पण ते कोर्सचे विषय दाखवून पटवावं लागेल. परवान्यासाठी पदवी कॅनडातल्या सोशल वर्क शिक्षण संघटनेची मान्यता असलेली आहे ना, तेही बघ.

पैशाचं. स्टडी परमिटसाठी फी आणि प्रवासखर्च सोडून एकट्या माणसाला वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे आणि तो वाढत जातो. भारतात केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला २० जणांना मिळते, त्यातल्या ३ जागा विशेष दुर्बल आदिम गटांना. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाचीही योजना आहे, पण तिथे क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट आडवी येते आणि हे कोर्स चालवणारी विद्यापीठं त्या यादीत वरची नाहीत. क्रमवारीचं कोष्टक बनवणाऱ्याला एल्डर मोजता येत नाहीत, त्याला आपण काय करणार! विद्यापीठ ठरवण्याआधीच त्या वर्षाचा शासन निर्णय वाच.

२०२४ पासून स्टडी परमिटांच्या संख्येवर मर्यादा आली आहे आणि त्यासाठी प्रांताचं मान्यतापत्र लागतं, पण १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सला ते पत्र लागत नाही. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. मास्टर्सनंतर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. नवऱ्याला ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा) हवं असेल तर तुझा कोर्स १६ महिन्यांचा किंवा त्याहून मोठा हवा. सोशल वर्कची पदवी आधीच असलेल्यांना कित्येक ठिकाणी छोटा कोर्स देतात, तो घेताना हे डोक्यात ठेव. फील्डवर्क मुलांसोबत असेल तर मेडिकल आणि पोलीस तपासणी लागते, नंदुरबारहून पोलीस दाखला काढायला घे.

नाशिकच्या एजंटाकडे जाण्यात अर्थ नाही. त्याच्याकडच्या यादीत हे कोर्स नसतात आणि तो तुला बिझनेस मॅनेजमेंटला पाठवेल. सप्टेंबरच्या वर्गाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात, तेव्हा कोऑर्डिनेटरना ईमेल या आठवड्यातच कर. एसओपीचा नवा मसुदा आधी मराठीत लिही, पावरीत सुचला तर पावरीत, आणि मला पाठव. इंग्रजी आपण मिळून करू.