वाचकांचे प्रश्न : चोकवरच चालणारे आउटबोर्ड इंजिन

प्रश्न : आमच्या फायबरच्या छोट्या होडीला पेट्रोलवर चालणारे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. मासेमारी बंदीच्या आधी, मेअखेरीस, ते उतरवून पडवीत ठेवले होते. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बसवले, तेव्हा पुष्कळ वेळा दोरी ओढल्यावर ते सुरू झाले. पण चोक अर्धा ओढून धरला तरच चालते, चोक आत ढकलून वेग दिला की बंद पडते. बाजूने येणारी पाण्याची धारही बारीक झाली आहे. नवा प्लग घातला, तरी फरक नाही. काय करावे? (एक वाचक, देवगड)

उत्तर : सर्वप्रथम, चोक ओढून धरून इंजिन चालवणे आजच थांबवावे. चोक हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोल जास्त खेचले जाते. तो ओढल्याशिवाय इंजिन चालत नाही, याचा अर्थ त्याला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळत असल्याने पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, आणि अशा स्थितीत भर वेगाने चालवल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसण्याचा धोका असतो. इंजिन सुरू झाले नाही की आपल्याकडे आधी प्लग बदलला जातो, परंतु आपण सांगितलेल्या लक्षणांचा प्लगशी फारसा संबंध दिसत नाही.

अडथळा नेमका कोठे आहे, हे कळण्यासाठी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असल्याची खात्री करावी. त्यानंतर इंजिन बंद पडू लागताच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहावे. त्याने इंजिन तग धरत असेल, तर दोष टाकी, नळी, नळीचे सांधे किंवा इंजिनावरील पेट्रोल पंप यांपैकी कशात तरी आहे. फुगा दाबूनही इंजिन बंद पडले, तर कार्ब्युरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, तुंबला आहे असे समजावे. आपल्या बाबतीत मला याचीच शक्यता अधिक वाटते, कारण कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये (तळाच्या पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यात) राहिलेले पेट्रोल महिनोन्‌महिने उडून जात राहते आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो.

बाउलच्या तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल पांढऱ्या वाटीत घ्यावे. त्यात पाण्याचे थेंब किंवा पांढरी भुकटी दिसली, तर ओलावा आत जाऊन धातू गंजला आहे. मग कार्ब्युरेटर उतरवून, जेट काढून, कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन त्यातून दाबाची हवा सोडावी. जेटमध्ये पोलादी तार मात्र कधीही घालू नये. छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. धुतलेला जेट उजेडाकडे धरल्यावर छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे.

पाण्याची धार ही इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरत असल्याची खूण असते, तिच्याकडेही दुर्लक्ष करू नये. धार पडते त्या छिद्रात मिठाचा खडा अडकलेला असतो किंवा कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते, म्हणून इंजिन बंद ठेवून तेथे बारीक मऊ तार घालून पाहावी. तरीही धार जोर धरत नसेल, तर खालच्या भागातील पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) तपासावा. त्याची रबरी पाती एकाच स्थितीत दीर्घकाळ दबून राहिल्याने वाकडीच राहतात आणि पुरेसे पाणी वर ढकलत नाहीत. नवा इम्पेलर बसवताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पंपाचे झाकण खाली दाबावे, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपातच घ्यावी. कोरड्यात थोडा वेळ चालवले, तरी नवे रबर जळते.

इंजिन उघडलेच आहे, तर गिअर ऑइलही पाहून घ्यावे. ते दुधाळ झाले असेल, तर सील गळत आहे आणि तो बदलल्याशिवाय होडी पाण्यात नेऊ नये.

प्रश्न : गेल्या हंगामातील तेल मिसळलेले पेट्रोल कॅनमध्ये शिल्लक आहे. त्यात नवे पेट्रोल घालून वापरता येईल का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : वापरू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल दमट हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा प्रमाणाबाहेर गेला, की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. काचेच्या बरणीत थोडे पेट्रोल रात्रभर ठेवल्यास हे दोन थर दिसू शकतात. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, टाकीतील नळी मात्र तळातूनच खेचते. म्हणजे इंजिनात जाते ते तेलाविना. दोन थर दिसले नाहीत, तरी जुने पेट्रोल नीट पेट घेत नाही. ते खाडीत न ओतता गॅरेजवाल्याकडे सोपवावे. नवे मिश्रण इंजिनाच्या पुस्तिकेतील प्रमाणानेच करावे. ते ५०:१ असेल, तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल लागते. पुढच्या मे महिन्यात इंजिन ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्याच्या पिंपात ते चालू असतानाच पेट्रोलची नळी काढावी, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि मग बाउलचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोलही काढून टाकावे.